ख्रिस डेव्हिसचा भोपळा कधी फुटणार?

ओरिओलवेडा
५ एप्रिल २०१९

काल बाल्टिमोरला आमच्या ओरिओल्सचा घरच्या मैदानावरचा या मोसमातला पहिला बेसबॉल सामना होता. या दिवशी मी दरवर्षी अर्धी रजा टाकतो. काल लेकीलाही नेलं, वय वर्षं सहा. समोर यांकीज, म्हणजे बरीचशी गर्दी न्यूयॉर्कवाल्यांचीच. त्याची सवय आहे. हरलो ८-४, त्याचीही सवय आहे. पण आमच्याच लोकांनी आमच्याच माणसाची जी हुर्यो उडवली ती ऐकून घरी आल्यावरही झोप लागेना, म्हणून हा धागा.

आमचा ख्रिस डेव्हिस तीनदा बॅटिंगला आला, तिन्ही वेळा स्ट्राइकआउट (हुकलेले किंवा सोडलेले तीन चांगले चेंडू, की आउट). पहिल्यांदा लोक नुसते चुळबुळले. दुसऱ्यांदा सगळं मैदान 'बूऽऽ' करून उठलं. तिसऱ्यांदा तर तो बॅट घेऊन निघाला तिथपासूनच सुरुवात. शेवटी मॅनेजरने त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवलं, तर आमच्या रांगेत चक्क टाळ्या. मी १९ नंबरचा टी-शर्ट घालून गेलो होतो, २०१३ साली हौसेने घेतलेला. लेकीने पाठीवरचा आकडा बोटाने गिरवत विचारलं, "बाबा, हाच का तो?" मी जॅकेट घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. थंडी होतीच तशी.

क्रिकेटवाल्यांसाठी: चेंडू मारून सुखरूप बेस (धावण्याचा टप्पा) गाठला की ती हिट. या माणसाला गेल्या वर्षीच्या १४ सप्टेंबरनंतर एकही हिट मिळालेली नाही. एकही म्हणजे एकही. २०१८ मध्ये त्याचं ॲव्हरेज (हिट भागिले प्रयत्न) होतं .१६८. ४७० वेळा प्रयत्न, ७९ हिट, १९२ स्ट्राइकआउट. पुरेशा वेळा बॅटिंग केलेल्या खेळाडूंमध्ये बेसबॉलच्या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत वाईट ॲव्हरेज.

मन मोकळं करा. मी आधीच केलंय.

शून्यप्रहर
५ एप्रिल २०१९

रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसातून आलो की लिहितो.

तिखटमिरची
५ एप्रिल २०१९

मी पण काल होते तिथे, आणि 'बू' करणाऱ्यांत पण होते. अजिबात वाईट वाटत नाही. सात वर्षांचे १६१ मिलियन डॉलर! वर्षाला २३ मिलियन! एवढ्या पैशांत हा माणूस येतो, तीन वेळा हवेत बॅट फिरवतो आणि मान खाली घालून परत जातो. कधी कधी तर फिरवायचेही कष्ट घेत नाही, खांद्यावर बॅट ठेवून तिसरा स्ट्राइक नुसता बघतो. स्कोअर लिहिणारे त्याला उलटा 'के' काढतात. माझी स्कोअरची वही बघा, आरशात धरून वाचावी लागते.

आणि याच्यामुळे ट्रे मॅन्सिनीसारखा चांगला पोरगा फर्स्ट बेस सोडून लेफ्ट फिल्डमध्ये पळतोय. का? तर फर्स्ट बेसवर महाराज विराजमान आहेत म्हणून.

सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट नाही हे, साडेसाती आहे.

कोथरूडकर
६ एप्रिल २०१९

पाडव्याच्या शुभेच्छा मंडळी! बेसबॉल मला फारसा कळत नाही, पण भोपळे कळतात. आपला अजित आगरकर आठवतोय का? १९९९-२०००च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात टेस्टमध्ये सलग पाच भोपळे. पुढे २००१ ला मुंबईत त्याच ऑस्ट्रेलियासमोर दोन्ही डावांत आणखी दोन. 'बॉम्बे डक' असं नाव पडलं बिचाऱ्याला. आणि त्याच आगरकरने २००२ मध्ये लॉर्ड्सवर नाबाद १०९ ठोकल्या. तेव्हा धीर धरा, आज गुढी उभारा.

ओरिओलवेडा
६ एप्रिल २०१९

कोथरूडकर, शुभेच्छा पोचल्या. पण आगरकरचं काम विकेट काढायचं होतं हो. रन म्हणजे वर दिलेली कोथिंबीर. डेव्हिसला पैसे मिळतात ते फक्त आणि फक्त चेंडू लांब मारायचे. गवंड्याला स्वयंपाक आला नाही तर चालतं, आचाऱ्याला यायलाच लागतो.

जाता जाता, पाडव्यालाही भोपळा फुटला नाही. सौ. म्हणते त्या टी-शर्टाचं फरशी पुसायचं फडकं करू या, सुती आहे, पाणी छान शोषेल.

आकडेमोड
६ एप्रिल २०१९

जरा थंड डोक्याने बोलू. सगळे 'स्ट्राइकआउट, स्ट्राइकआउट' म्हणून गळा काढताय, पण २०१३ मध्ये डेव्हिसने १९९ स्ट्राइकआउट केले होते. आठवतंय का कुणाला? नाही आठवणार, कारण त्याच वर्षी त्याने ५३ होमरन (आपला षटकार समजा) मारले, मेजर लीगच्या दोन्ही लीग मिळून सर्वांत जास्त. ब्रेडी अँडरसनचा १९९६ चा ५० होमरनचा क्लबचा विक्रम मोडला. २०१५ मध्ये ४७ होमरन, पुन्हा सगळ्यांत जास्त, आणि स्ट्राइकआउट २०८. तेव्हा तुम्हीच उभं राहून नाचत होतात. ओरिओलवेडा, तुम्ही तर टी-शर्ट घेतलात.

म्हणजे १९९ वेळा हात हलवत परत येणारा माणूस २०१३ मध्ये देव होता आणि १९२ वेळा येणारा २०१८ मध्ये दैत्य. फरक स्ट्राइकआउटमध्ये नाहीच. जेव्हा बॅट लागते तेव्हा काय होतं, फरक तिथे आहे. ५३ चे १६ होमरन झाले.

दुसरं, ही साथ सगळीकडे आहे. २०१८ मध्ये मेजर लीगमध्ये पहिल्यांदाच संपूर्ण मोसमात हिटपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. जो डिमॅजिओने अख्ख्या कारकिर्दीत ३६९ स्ट्राइकआउट केले आणि होमरन ३६१. आजचे कित्येक जण तेवढे स्ट्राइकआउट दोन मोसमांत उरकतात. पण एकाच मोसमातला स्ट्राइकआउटचा विक्रम मार्क रेनॉल्ड्सचा, २००९ सालचे २२३, तो अजून डेव्हिसलाही जमलेला नाही. २०१६ ला २१९ पर्यंत पोचला होता.

तिखटमिरची
६ एप्रिल २०१९

वा! म्हणजे तोही विक्रम याच्या हातून निसटला. यालाच म्हणतात धड ना हे, धड ना ते. (हलकेच घ्या.)

कोथरूडकर
६ एप्रिल २०१९

एक बाळबोध प्रश्न. लोकांना कळलंय ना हा चेंडू कुठे मारतो? मग तो दुसरीकडे का मारत नाही? सचिनचं २००४ चं सिडनी आठवा. कव्हर ड्राइव्हवर आउट होत होता, तर पठ्ठ्याने कव्हर ड्राइव्हच बंद केला. दहा तासांवर खेळला, नाबाद २४१. ऑफच्या बाहेरचा चेंडू दिसला की सोडून द्यायचा. गाडी बंद पडली तर माणूस गिअर बदलून बघतो!

आकडेमोड
६ एप्रिल २०१९

बाळबोध नाही, लाखमोलाचा प्रश्न आहे. डेव्हिस डावखुरा. जोरात मारलेला त्याचा चेंडू बहुतेक वेळा उजवीकडे जातो. म्हणून समोरचा संघ तीन इनफिल्डर उजव्या अंगाला उभे करतो. याला म्हणतात शिफ्ट. डावीकडे थर्ड बेसच्या बाजूला मोकळं रान. पूर्वी जो चेंडू जमिनीवरून सरपटत हिट व्हायचा, तो आता सरळ कुणाच्या तरी हातात.

मग डावीकडे मारावा, नाही का? सांगायला सोपं. ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल पिचरच्या (म्हणजे बोलरच्या) हातातून सुटल्यावर साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर, बॅट्समनपाशी येतो. त्यातला निम्मा वेळ तो कुठला चेंडू आहे हे ओळखण्यात जातो. सचिनला चेंडू सोडून द्यायची मुभा होती, दिवसभर सोडला तरी कुणी विचारणार नाही. इथे स्ट्राइक झोनमधले (मारण्याजोग्या पट्ट्यातले) तीन सोडलेत की घरी. शिवाय आयुष्यभर ज्या फटक्याचे पैसे मिळाले तोच विसरायला सांगताय, तेही तेहतिसाव्या वर्षी.

बॉस्टनची_वहिनी
७ एप्रिल २०१९

मी रेड सॉक्सवाली, त्यामुळे या धाग्यावर पाहुणी. पण डेव्हिसबद्दल माझ्याकडे एक गोष्ट आहे जी तुम्हा बाल्टिमोरवाल्यांकडे नाही.

६ मे २०१२. आमच्या फेनवे मैदानावर आम्ही चौघं गेलो होतो. आमच्या ह्यांचा पहिलाच बेसबॉल सामना, 'तीन तासांत संपतो' असं सांगून नेलेलं. गेला १७ इनिंग (एरवी नऊ). त्या दिवशी डेव्हिस आठ वेळा बॅटिंगला आला, आठही वेळा शून्य, त्यातले पाच स्ट्राइकआउट. आमच्या मागचा म्हातारा त्याला नावानिशी चिडवत होता. आणि मग तुमच्या ओरिओल्सचे पिचर संपले. सगळेच! तर कुणाला उभं केलं पिचिंगला? ह्यालाच. त्याने दोन इनिंग टाकल्या, एकही रन दिली नाही, आमच्या एड्रियन गोन्झालेझला स्ट्राइकआउट केलं. १७ व्या इनिंगमध्ये ॲडम जोन्सने होमरन मारला, तोही आमच्या पिचिंग करणाऱ्या आउटफिल्डरला. तुम्ही ९-६ जिंकलात आणि विजयी पिचर म्हणून नाव लागलं डेव्हिसचं.

बॅटने आठ भोपळे आणि हाताने सामना जिंकला. आमचे हे अजूनही बेसबॉल म्हटलं की त्यालाच ओळखतात.

शून्यप्रहर
७ एप्रिल २०१९

हसून हसून पुरेवाट. वहिनी, यावर वेगळा धागा काढा.

काका_बाल्टिमोर
८ एप्रिल २०१९

मी १९८१ पासून इथे आहे. मेमोरियल स्टेडियम पाहिलं, १९८३ ची वर्ल्ड सिरीज पाहिली, १९८८ मध्ये मोसमाच्या सुरुवातीलाच सलग २१ सामने हरलेले पाहिले. त्यामुळे हरण्याबद्दल मला कुणी शिकवू नये.

तुम्ही सगळे स्ट्राइकआउट आणि डॉलर मोजताय. मला वेगळंच वाटतं. २०१४ चा संघ आठवा. आपण डिव्हिजन जिंकली होती. त्यातला आता कोण आहे? मचाडोला गेल्या जुलैत लॉस एंजेलिसला पाठवलं. ब्रिटन गेला, स्कोप गेला, गॉसमन गेला. ॲडम जोन्सचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तोही गेला. वाड्यातले सगळे बिऱ्हाडकरू निघून गेले की जो एक म्हातारा उरतो, त्यालाच येणारे-जाणारे गळक्या छपराचा जाब विचारतात. डेव्हिस तो आहे. गेल्या वर्षी आपण ११५ सामने हरलो. ते काय त्याने एकट्याने हरवले?

तिखटमिरची
८ एप्रिल २०१९

काका, तुमचा मान ठेवून बोलते. म्हाताऱ्याला कुणी २३ मिलियन भाडं देत नाही. आणि २०१४ म्हणाल तर डिव्हिजन जिंकायच्या ऐन वेळी हा कुठे होता? परवानगी नसताना ॲडरॉल घेतलं म्हणून २५ सामन्यांची बंदी भोगत घरी. प्लेऑफमध्ये कॅन्सस सिटीने चारही सामने जिंकले, त्यातही हा नव्हता.

काका_बाल्टिमोर
८ एप्रिल २०१९

अगं, ते एकाग्रतेच्या विकाराचं औषध आहे. आधी त्याला परवानगी होती, त्या वर्षी नव्हती. चूक झाली, शिक्षा भोगली. आणि ते कॉन्ट्रॅक्ट त्याने बंदूक रोखून नाही घेतलं. जानेवारी २०१६ मध्ये मालकांनी आपल्या हाताने सही केली. क्लबच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं कॉन्ट्रॅक्ट. तुला कुणी १६१ मिलियन दिले असते तर 'नको, मी पुढे जाऊन फॉर्म घालवणार आहे' असं म्हणाली असतीस का?

तिखटमिरची
८ एप्रिल २०१९

नसते म्हणाले. पण निदान बॅट तरी फिरवली असती.

ओरिओलवेडा
८ एप्रिल २०१९, रात्री

झालं. आज ओकलंडविरुद्ध पाच वेळा आला, पाचही वेळा आउट. सलग ४९. युजेनियो वेलेझचा ४६ चा विक्रम मोडला. विनोद असा की ज्या फटक्यावर विक्रम मोडला तो चांगला होता, सपाट आणि जोरात, थेट लेफ्ट फिल्डरच्या हातात. आपण १२-४ जिंकलो, पण उद्या पेपरात काय छापून येणार ते ठाऊक आहे.

मैदानात जेमतेम साडेसहा हजार लोक. कॅम्डन यार्ड्सला एवढी कमी गर्दी मी कधी पाहिली नाही. आणि एक सांगतो, त्या साडेसहा हजारांपैकी बऱ्याच जणांनी आज हुर्यो केली नाही, टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या जास्त लागल्या. हुर्यो करतो तेव्हा अजून अपेक्षा असते हो.

आकडेमोड
९ एप्रिल २०१९

एक तळटीप. वेलेझ हा राखीव खेळाडू होता, त्याचे ४६ दोन मोसमांत आणि दोन संघांत विखुरलेले. रोज संघात असणाऱ्या माणसाच्या नावावर हा विक्रम लागण्याचं कारणच मुळी काढून टाकता येत नाही हे आहे. २०११ ला शिकागो व्हाइट सॉक्सच्या ॲडम डनचं ॲव्हरेज .१५९ होतं, डेव्हिसपेक्षाही वाईट. पण यादीत यायला ५०२ वेळा प्लेटवर यावं लागतं आणि तो आला ४९६ वेळा. सहा वेळा बाकावर बसला म्हणून इतिहासातून वाचला.

कोथरूडकर
१० एप्रिल २०१९

म्हणजे आपल्याकडे निवड समिती जे काम फुकटात करते ते तिकडे कुणालाच करता येत नाही? आपल्याकडे चार डाव गेले की 'रणजी खेळून ये' म्हणतात. शिव्या निवड समितीला, खेळाडू मोकळा. तिकडे खेळाडूला लपायलाच जागा नाही.

इकडे विराटच्या बंगलोरने आयपीएलमध्ये ओळीने सहा सामने गमावलेत. माझ्या बिल्डिंगमधला कन्नडिगा शेजारी लिफ्टऐवजी जिना वापरतोय. तुमच्या डेव्हिसला आमचा नमस्कार सांगा.

बॉस्टनची_वहिनी
१३ एप्रिल २०१९

फुटलाऽऽऽ! भोपळा फुटला!!

फेनवेवर होते. पहिलीच इनिंग, तिन्ही बेसवर तुमची माणसं, समोर आमचा पिचर रिक पोर्सेलो. ५४ वेळा सलग आउट झालेला माणूस उभा. माझ्या शेजारचा म्हणाला, आता हा स्ट्राइकआउट होणार, मी सँडविच आणतो. चेंडू उजवीकडे पडला, दोन रन आल्या. डेव्हिसने बेसवर उभा राहून हसत हसत तो चेंडू मागून घेतला, पोरं पहिली हिट झाल्यावर मागतात तसा. तुमचं अख्खं डगआउट नाचत होतं. आणि आमच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. काही खवचट होत्या, खोटं कशाला बोलू, पण सगळ्या नव्हत्या.

मग त्याने आणखी दोन डबल (दोन बेसचे फटके) मारले. चार रन त्याच्या नावावर. आम्ही ९-५ हरलो आणि मी ओल्या बाकावर बसून आनंदाने घरी आले. माहेर-सासर दोन्हीकडून बोलणी खाणार.

कोथरूडकर
१४ एप्रिल २०१९

अहो वहिनी, काल रात्रीच मोहालीत बंगलोरनेही पहिला सामना जिंकला! एकाच रात्री दोन भोपळे. शेजारी आज लिफ्टने खाली उतरला.

तिखटमिरची
१४ एप्रिल २०१९

अभिनंदन. एक हिट मिळाली म्हणून साडेसाती संपत नाही. पण हो, मी व्हिडिओ चार वेळा पाहिला. कुणाला सांगू नका.

ओरिओलवेडा
८ ऑगस्ट २०१९

धागा वर काढतोय. काल यांकीजविरुद्ध डगआउटमध्ये डेव्हिस मॅनेजर ब्रँडन हाइडच्या अंगावर धावला. दोघा-तिघांनी धरून आवरलं. सामना १४-२ ने हरलोच. एप्रिलमध्ये मला त्याची कीव आली होती, आता नुसता कंटाळा आलाय. एप्रिलच्या त्या दिवशी वाटलं होतं की गाठ सुटली. ॲव्हरेज यंदाही .२०० च्या खालीच. गाठ सुटली नव्हती, एक पीळ तेवढा उलगडला होता.

बॉस्टनची_वहिनी
२० ऑगस्ट २०१९

या धाग्यावर हे यायला हवं. एप्रिलमधल्या त्या सामन्याआधी आमच्याकडच्या एका नऊ वर्षांच्या मुलाने, तेही रेड सॉक्सच्या चाहत्याने, डेव्हिसला चिठ्ठी दिली होती म्हणे. आशय असा की तू कसा खेळतोस यावरून तू माणूस कसा आहेस हे ठरत नाही, आम्ही तुझ्या बाजूने आहोत. डेव्हिसने ती सामन्याआधी वाचली होती.

तिखटमिरची
२० ऑगस्ट २०१९

नऊ वर्षांचा पोरगा कुठलं तिकीट काढतो, वहिनी.

(बरं, बरं. गोड आहे.)

काका_बाल्टिमोर
१३ ऑगस्ट २०२१

काल डेव्हिसने निवृत्ती जाहीर केली. मे महिन्यात कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन झालं होतं, या मोसमात संघासाठी एकही सामना खेळला नव्हता. एकूण २९५ होमरन. पाच कमी पडले. ३०० झाले असते तर कानाला बरं वाटलं असतं.

ज्यांना अजून फक्त स्ट्राइकआउट आठवतात त्यांच्यासाठी: २०१९ च्या शेवटी त्याने आणि त्याच्या बायकोने इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडच्या मुलांच्या हॉस्पिटलला ३० लाख डॉलर दिले.

आकडेमोड
१३ ऑगस्ट २०२१

आणि ज्यांना हिशेब आठवतो त्यांच्यासाठी: १६१ पैकी ४२ मिलियन मागाहून द्यायचे ठरलेत. हप्ते २०३७ पर्यंत.

कोथरूडकर
१३ ऑगस्ट २०२१

दोन हजार सदतीस?! आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंटही तोवर झालं असेल. ॲडमिन, धागा बंद करू नका.

तिखटमिरची
१४ ऑगस्ट २०२१

हॉस्पिटलचं मला माहीत नव्हतं. माझं 'बू' मी मागे घेत नाही, ते खेळाला होतं. पण वहीतली ती पानं काल चाळली. उलट्या 'के'च्या मध्ये एके ठिकाणी मी पेन्सिलने लिहिलंय, 'चेंडू चांगला मारला होता, हातात गेला'. कधी लिहिलं ते आठवत नाही.

ओरिओलवेडा
१५ ऑगस्ट २०२१

संघ पुन्हा ओळीने हरतोय आणि आता शिव्या घालायला हक्काचं माणूसही राहिलं नाही. कुणावर चिडायचं तेच कळत नाही, सगळी पोरं नवीन आहेत, निम्म्यांचे नंबरही पाठ नाहीत.

टी-शर्टाची चौकशी दोघातिघांनी व्यक्तिगत निरोपाने केली म्हणून सांगतो. फडकं केलं नाही. लेक आता आठ वर्षांची आहे, तिला तो गुडघ्यापर्यंत येतो. यंदा मागच्या अंगणात रंगपंचमीला घातला होता. १९ मधला ९ हिरवा झालाय, धुऊन जात नाही.